शब्दचर्चा : क्विअर वाचकांसाठी लिहिताना कंसात अर्थ द्यावा का?

नौपाडा, ठाणे : आमच्या गटाच्या दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन चालू आहे. वाचक क्विअरच, म्हणजे समलिंगी, पारलिंगी वगैरे, बहुतेक ठाणे, कळवा, वाशीकडचे. एकाने ‘पारलिंगी’, ‘कोती’, ‘चेला’, ‘बाइंडर’ अशा प्रत्येक शब्दापुढे कंसात अर्थ दिलाय, दुसरीने एकाही नाही. धोरण काय ठेवू?

ऐरोली : तो कंस कोणासाठी आहे, ते आधी बघा. ‘पारलिंगी (जन्मावेळी नोंदवलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही अशी व्यक्ती)’ हे पारलिंगी वाचकाने वाचलं की त्याला कळतं, लेखक माझ्याशी बोलत नाहीये, माझ्याविषयी तिसऱ्याच कोणाला सांगतोय. वर्तमानपत्रात ठीक. तुमच्या अंकातून तो काढाच.

पण क्विअर वाचक म्हणजे एकच माणूस नव्हे. घोडबंदर रोडवरचा, इंग्रजी माध्यमात शिकलेला गे मुलगा ‘डिस्फोरिया’, म्हणजे शरीर आणि लिंगओळख जुळत नसल्याची घुसमट, हा शब्द सहज वाचेल आणि ‘चेला’पाशी अडेल. हिजडा घराण्यात गुरूपाशी राहिलेलीचं नेमकं उलट होईल. ‘कोती’ तर फसवाच. ज्याने तो आपल्या लोकांत ऐकलेला नाही, त्याला ‘कोती वृत्ती’ आठवणार आणि शिवी वाटणार. तिथे वाक्यालाच काम करू द्या : ‘आम्ही सगळ्या कोती स्टेशनबाहेर जमायचो, एकमेकींना अगंतुगं करायचो आणि घराच्या जिन्यात आवाज परत जाड करायचो.’ नवख्याला अर्थ लागतो आणि जाणत्याला कोणी शिकवतंय असं वाटत नाही.

शिवाय मराठीत क्रियापदच बरंच सांगून टाकतं. ‘मी गेले’ म्हटलं की बोलणारीने स्वतःला कुठे ठेवलंय ते बहुतेकदा कळतं (कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो’ म्हणतात, तेवढं लक्षात ठेवा). लिंग दाखवायचंच नसेल तर ‘त्यांनी सांगितलं’, ‘तुम्ही आलात’ अशी रचना करा. ‘ते आले’, ‘त्या आल्या’ म्हटलं की ते पुन्हा डोकावतंच.

‘बाइंडर’पुढे ‘छाती सपाट दिसण्यासाठीचा घट्ट कपडा’ असं लिहून वाचकाच्या हाती काहीच पडत नाही, तो रोज घालतोय. त्याला हे हवंय : आठ तासांपेक्षा जास्त घालू नका, झोपताना काढाच, दम लागला किंवा बरगड्या दुखल्या तर तेव्हाच काढा. मे महिन्यात भरल्या लोकलमधून जाणाऱ्याला तर फारच.

कायद्याबाबत मात्र हात आखडू नका. ‘३७७ गेलं तेव्हा’ एवढं आपल्याला पुरतं, पण सप्टेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळलं तेव्हा आजचा अठरा-एकोणीस वर्षांचा वाचक शाळेत होता. तेव्हाच लग्नही कायदेशीर झालं असं समजणारे मला भेटलेत. तशी मान्यता द्यायला त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये नकार दिला. ‘नालसा’ही नुसतं लिहू नका. एप्रिल २०१४च्या त्या निकालाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि आपल्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात बाजू मांडायला होत्या, हे यायलाच हवं.

कळवा : थोडा विरोध. ज्याला स्वतःसाठी अजून शब्दच सापडलेला नाही, त्याचं काय? मला ‘एसेक्शुअल’ शब्दाचा अर्थ कंसातच मिळाला होता.

ऐरोली : मान्य, हा वाचक माझ्या उत्तरात सुटला होता. त्याच्यासाठी शेवटी एक पान ठेवावं, पण त्यातले अर्थ त्याच्याशी बोलत लिहावेत. ‘लैंगिक आकर्षण न वाटणारी व्यक्ती’ असं कोशासारखं नको. ‘तुला कोणाविषयीच लैंगिक आकर्षण वाटत नसेल, किंवा क्वचितच वाटत असेल, तर हा शब्द तुझा असू शकतो. तुझ्यात काही बिघडलेलं नाही.’ असं लिहा.

नौपाडा, ठाणे : शेवटचं पान ठेवते. ‘पारलिंगी’चा कंस काढला, ‘बाइंडर’चं वाक्य बदलायला लेखकाला परत पाठवलंय. ‘चेला’ तसाच राहू देते, पुढच्याच ओळीत तिची गुरू तिला दुपारच्या जेवणावरून ओरडतेय.