क्वांटम सेन्सरचं काम कोल्हापूरच्या कारखान्यात यावं का?

शिरोलीकर: राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, सहा हजार कोटींची. त्यातलं क्वांटम सेन्सिंगचं, म्हणजे अणू आणि प्रकाशाच्या क्वांटम गुणांवरून अगदी बारीक मोजमाप करण्याचं, केंद्र आयआयटी मुंबईत आहे. माझं ठाम मत आहे की या कामाचा एक वाटा शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या आपल्या औद्योगिक वसाहतींत यायला हवा. २०२२ साली बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या गटानं लेसरनं थंड केलेल्या अणूंचे दोन ढग वापरून रस्त्याखालचा बोगदा गुरुत्वाकर्षणावरून शोधला, तोही प्रयोगशाळेबाहेर. असं यंत्र उघडून बघितलं तर निर्वात डबा, फ्लँज (डबा-नळ्या जोडायच्या कडा), आरसे धरणारे माउंट. हे काम आपल्या मशीन शॉपचं आहे.

भट्टीवाला: दादा, मी फौंड्रीत आहे. ओतलेल्या नगात ब्लोहोल (वायू अडकून झालेलं छिद्र) निघाला की अख्खा लॉट परत येतो. त्यावर इलाज वाळूतला ओलावा नीट मोजणं, त्याला क्वांटम लागत नाही. पंचगंगेच्या पुराचंही तेच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका; एवढं मोजायला साधा रडार सेन्सर पुरतो. आधी तेवढं तरी सगळीकडं बसवा.

भौतिकशास्त्र शिकवतो: भट्टीवाल्यांशी अर्धा सहमत. 'स्क्वीझ्ड' प्रकाश, म्हणजे ज्यातला क्वांटम गोंगाट दाबलेला असतो तो, लायगोच्या (गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या) डिटेक्टरांत २०१९ पासून कामाला आहे, पण तिथं प्रकाश वाया जाऊ नये म्हणून जीव टाकावा लागतो. वाटेत अर्धा प्रकाश हरवला, तर मूळ प्रकाश कितीही उत्तम असो, गोंगाट निम्म्याखाली जात नाही. भट्टीजवळच्या काळ्या धुळीत तो टिकणार नाही. हिऱ्यातल्या नायट्रोजन-दोषाचं (कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारी रिकामी जागा) वेगळं आहे. हिरवा लेसर टाकला की तो लाल चमकतो, ती चमक वाचून चुंबकक्षेत्र कळतं, आणि हे सगळं खोलीच्या तापमानाला.

शिरोलीकर: सर, तुमचं पटतं. पण आयातीवर विसंबलो की काय होतं बघा. अणुघड्याळ हेही क्वांटम यंत्रच. २०१३ च्या पहिल्या 'नाविक' (आपली जीपीएससारखी व्यवस्था) उपग्रहातली बाहेरून आणलेली रुबिडियम अणुघड्याळं बंद पडली. स्वदेशी घड्याळ उपग्रहावर चढलं ते थेट मे २०२३ मध्ये. मधली दहा वर्षं गेलीच ना?

भट्टीवाला: घड्याळाचं मान्य. पण निर्वात डबे लागणार किती? दहा? आमचं गणित हजार नगांचं. दहा नगांसाठी फिक्स्चर (मशीनवर नग धरायची चौकट) कोण करणार?

शिरोलीकर: उद्यमनगरात एकच नग करून देणारे जॉबवाले आहेत. त्यांना बिलेटमधून (धातूच्या अखंड ठोकळ्यातून) करू द्या.

भौतिकशास्त्र शिकवतो: बिलेटच लागेल. बीड (ओतीव लोखंड) इथं चालणार नाही, ते चुंबकाला लागतं आणि त्याच्या बारीक छिद्रांतून हवा झिरपते. डब्यात हवेच्या दाबाचा लाख कोटीवा भाग उरला पाहिजे. अॅल्युमिनियम किंवा टायटॅनियम घ्यावं लागेल. बोअर (आतलं भोक) मापात आला म्हणून काम झालं नाही, हेलियम लीक टेस्ट (हेलियम वायूनं बारीक गळती शोधणं) पास व्हायला हवी. ती करून देणारं जवळ कोण आहे? सुरुवात तिथून करू. एक साधा फ्लँज करा, टेस्टला मी बरोबर येतो.

भट्टीवाला: ड्रॉइंग पाठवा. माझ्या शेजारच्या शॉपला दाखवतो, पण भाव नगावर ठरेल, आत्ताच सांगतो.