छोट्या कारखानदाराला मेंटॉर हवा की वेळेवर पेमेंट?

भोसरीकर
माझी सगळी नोकरी मशीन शॉपमध्ये गेली. निवृत्त झाल्यापासून भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान जॉबवर्कवाल्यांकडे जाऊन बसतो, पैसे घेत नाही. माझं स्पष्ट मत आहे: आठ-दहा माणसांचं वर्कशॉप चालवणाऱ्याला बँकेच्या कर्जाइतकीच एका जाणत्या माणसाची गरज असते. कर्जासाठी आपण दहा खेटे घालतो, माणसासाठी एकही नाही.

एक उदाहरण देतो. सीएनसी टर्निंगचं (संगणकावर चालणाऱ्या लेथवर सुटे भाग कातण्याचं) काम करणारा एक मुलगा, हुशार, स्वतः मशीनवर उभा राहणारा. कोटेशन देताना मात्र शेजारचा जो ताशी दर लावतो तोच लावायचा. मी त्याला प्रत्येक जॉबचा सेटिंगचा वेळ, म्हणजे मशीन त्या कामासाठी तयार करायला लागणारा वेळ, वहीत लिहायला लावला. साठ नगांचा एक लॉट होता. एका नगाला चार मिनिटं, म्हणजे माल निघायला चार तास. पण त्याआधी सेटिंगला अडीच तास मशीन अडकलेलं, आणि ते अडीच तास कोटेशनमध्ये कुठेच नव्हते. मोठ्या लॉटवर कमवायचं आणि छोट्या लॉटवर घालवायचं असं चाललं होतं. वर्षअखेरीला सीए सांगायचा, नफा घटलाय. का घटला हे तो कसं सांगणार? त्याच्यासमोर फक्त बिलं.

पुढे त्याने सेटिंग चार्ज वेगळा लावला. एक गिऱ्हाईक गेलं, बाकीची कुरकुरली पण टिकली.

भारतीय युवा शक्ती ट्रस्ट १९९२ पासून तरुणांना कर्ज मिळवून देताना सोबत मेंटॉर जोडून देतो. अमेरिकेत स्कोअर ही संस्था १९६४ पासून अनुभवी माणसांचा सल्ला फुकट देते. हे आपल्या प्रत्येक एमआयडीसीत व्हायला हवं.

सातपूरकर
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे मला पटत नाही. माझी बिलं नव्वद दिवसांनी निघतात, कधी एकशेवीस. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आजवर कोणी मागितलंय? व्याजाचं पत्र गेलं की पुढच्या महिन्याचं शेड्यूल दुसऱ्या वेंडरकडे.

मग आयकरात ४३बी(एच) हे कलम आलं. माल घेणाऱ्याने नोंदणीकृत लघुउद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते देईपर्यंत त्या खर्चाची वजावट नाही. वाटलं, आता तरी सुटलो. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या परचेसमधून फोन आला: उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद) रद्द करा, नाहीतर ऑर्डर बंद. यावर मेंटॉर काय सांगणार? धीर धर म्हणून?

शिवाय मेंटॉरच्या नावाखाली चाललेला बाजार बघा. हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर. पहिला दिवस टाळ्यांचा. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर लाखाच्या पुढचं वर्षभराचं पॅकेज, ‘आजच भरलंत तर सवलत’. माझ्या ओळखीतल्या दोघांनी ओव्हरड्राफ्टमधून भरले. शिकवणाऱ्याने आयुष्यात एक डिलिव्हरी चलन फाडलेलं नव्हतं.

लूमवाली (इचलकरंजी)
सातपूरकर, शिबिरं घेणाऱ्या कोचबद्दल शंभर टक्के सहमत. पण जाणत्या माणसाने फरक पडत नाही, हे खरं नाही. तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला होता, निष्कर्ष २०१३ साली छापून आले. काही कारखान्यांत सल्लागार प्रत्यक्ष फ्लोअरवर बसवले. सुताच्या स्टॉकची नोंद, लूमची वेळच्या वेळी देखभाल, रोज डिफेक्टवर चर्चा, एवढंच. पहिल्या वर्षात उत्पादकता सतरा टक्क्यांनी वाढली.

त्यातला दुसरा निष्कर्ष वाचला तेव्हा आमचंच घर डोळ्यांसमोर आलं. मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती, यावर कारखाने किती हे ठरत होतं, कारण बाहेरच्या मॅनेजरच्या हातात कोणी कारभार देत नाही. आमच्याकडेही तेच. आमचा सुपरवायझर वीस वर्षं जुना, पण सुताचा दर त्याला आजही कळू देत नाहीत. मी मुलगी, म्हणून मलाही फार उशिरा कळला. मालकाला हे तोंडावर सांगणारं कोणी बाहेरचंच लागतं. घरातल्याने सांगितलं तर भांडण होतं.

आकडेवाला
दुसरी बाजूही वाचा. केनियात, नैरोबीच्या दांडोरा वस्तीत लहान धंदे करणाऱ्या बायकांवर असाच प्रयोग झाला. काहींना वर्गात शिकवलं, काहींना त्याच वस्तीतली मुरलेली व्यावसायिक बाई मेंटॉर म्हणून दिली. वर्गाने नफ्यात काही फरक पडला नाही, मेंटॉरने सरासरी वीस टक्के वाढ झाली. पण भेटी थांबल्या तशी वाढही ओसरली. तारापूरलाही काही वर्षांनी पाहिलं तर नव्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या होत्या. म्हणजे मेंटॉर असेपर्यंतच हे चालतं. धोरण म्हणून मी यावर पैसा घालणार नाही.

प्लांट_मॅनेजर_रांजणगाव
मालकांचं चाललंय, एक मुद्दा आमच्यासारख्यांचा. कंपन्यांत हल्ली बॉसलाच मेंटॉर नेमतात. ज्याच्या हातात माझं अप्रेझल आहे, त्याला मी सांगणार का की मला टीम आवरत नाहीये? मेंटॉर दुसऱ्या खात्याचा हवा.

भोसरीकर
आकडेवाला, निम्म्या सुटल्या म्हणजे निम्म्या टिकल्या. आणि सुटल्या त्या का, हेही त्याच अभ्यासात आहे: मॅनेजर बदलले, मालकांना वेळ उरला नाही. नैरोबीत मेंटॉरने मुख्यतः स्वस्तात माल कुठे मिळतो ते सांगितलं. भाव रोज बदलतात, भेट थांबली की ती माहिती शिळी होणारच. सेटिंगचा वेळ धरून दर काढायला शिकलेला मुलगा ते विसरत नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी भेट चालू राहावी, एवढंच मी यातून घेईन.

सातपूरकर, तुमचं दुखणं खरं आहे आणि मेंटॉर कायदा राबवू शकत नाही, हे मान्य. पण त्या एका गिऱ्हाइकाकडून तुमचा किती टक्के धंदा येतो? साठच्या वर असेल तर तो फोन येणारच होता. नोंदणी रद्द करू नका. हातातल्या मशीनवर दुसऱ्या क्षेत्रातलं कोणतं काम बसतं ते पाहू. पंप, शेती अवजारं, काहीही. मी नाशिकला येतो.

सातपूरकर
सत्तर टक्के. नोंदणी अजून रद्द केलेली नाही. या काका, मशीनची यादी काढून ठेवतो. पण माझं म्हणणं तेच राहील. तुमच्यासारखे हजार मेंटॉर उभे करण्याआधी सरकारने मोठ्या कंपन्यांकडून ४५ दिवसांत पैसे काढून दाखवावेत, आणि वेंडरचं नाव पुढे न येता तक्रार करता यावी. पैसे वेळेवर आले असते तर मीही दुसरं गिऱ्हाईक शोधायला बाहेर पडलो असतो. आज माझा अर्धा दिवस परचेस आणि अकाउंट्सला फोन करण्यात जातो.