मदत हवी आहे: जन्मतः न रडलेलं बाळ, जिल्ह्याला पोचेपर्यंत मेंदू कसा जपायचा?

घाटवाट_सिस्टर
नमस्कार. मेळघाटातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रसूतिगृहासाठी विचारते आहे. पूर्ण दिवसांचं, ३ किलोचं बाळ रडलं नाही. बॅग-मास्कवर (तोंडावर मास्क लावून हाताने हवा देण्याच्या पिशवीवर) काही मिनिटांनी ठोके १०० च्या वर आले, श्वासही सुरू झाला; पण बाळ ढिलं आहे, दूध ओढत नाही. घाट उतरून अमरावतीच्या एसएनसीयूला (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षाला) पोचेपर्यंत तीन तास सहज जातात. त्या वेळात काय करायचं? मोठ्या दवाखान्यात बाळ थंड करतात असं ऐकून कुणी ओलं फडकं गुंडाळतं, तर कुणी तीन-तीन दुपटी. आणि घरचे विचारतात, "मेंदूला मार बसला का?" त्यांना काय सांगायचं?

बालरोग_वर्धा
सिस्टर, ओलं फडकं, बर्फ, काहीही नको. आधी कारण सांगतो.

ऑक्सिजन तुटला की पेशीतली ऊर्जा संपते, सोडियम आणि पाणी आत शिरून पेशी फुगतात, ग्लुटामेट हे मेंदूतलं रसायन साचतं, कॅल्शियम आत घुसतं. रक्तपुरवठा परत आला की पेशी बऱ्याच अंशी सावरतात. पण साधारण ६ तासांनंतर ऊर्जा दुसऱ्यांदा ढासळते आणि पुढचे दोन-तीन दिवस पेशी मरत राहतात. म्हणूनच "आता बरं आहे" म्हणेपर्यंत पहिल्याच दिवशी झटके येतात. तुमचे तीन तास या दोन घसरणींच्या मधले आहेत. त्या वेळात मेंदूला नवा फटका बसू द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात, आणि ते फार मोठं आहे.

कूलिंग म्हणजे ६ तासांच्या आत सुरू करून ३३.५ अंशांवर ७२ तास, तेही यंत्रावर. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरच्या हेलिक्स अभ्यासात (२०२१), मोठ्या रुग्णालयांतसुद्धा, कूलिंग केलेल्या गटात ४२ टक्के बाळं दगावली, न केलेल्या गटात ३१ टक्के. मग रुग्णवाहिकेत तर विषयच नको.

पण तापू देणं तितकंच वाईट. काखेत ३६.५ ते ३७.५ अंश. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला असते, तिथे तीन दुपटी म्हणजे बाळाला ताप आणणंच. वॉर्मर (बाळाला ऊब देणारं यंत्र) स्किन मोडवर, म्हणजे त्वचेच्या तापमानावर चालत असेल, तर प्रोबकडे (तापमान मोजणाऱ्या तारेकडे) लक्ष ठेवा: पोटावरून चिकटपट्टी सुटली की मशीनला बाळ गार वाटतं, हीटर पूर्ण चालतो आणि बाळ भाजून निघतं. दर १५ मिनिटांनी काखेत थर्मामीटर लावाच.

बॅग मिनिटाला ४० ते ६०, छाती हलेल इतकीच. घाबरून ८०-९० वेळा दाबली की कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आहे तोही पुरवठा घटतो. सुरुवात साध्या हवेवर. नंतर ऑक्सिजन लावलाच तर उजव्या हाताला सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९० ते ९५ टक्के. १०० चा हट्ट नको.

टाचेतून साखर बघा. ४५ मिग्रॅ/डेलीच्या खाली असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) २ मिली प्रति किलो, म्हणजे या बाळाला ६ मिली शिरेतून सावकाश. १० टक्के नसेल तर २५ टक्क्यांचं ४ मिली + निर्जंतुक पाणी ६ मिली. नंतर तेच १० टक्क्यांचं ताशी ७.५ मिली, मायक्रोड्रिपवर (बारीक थेंबांच्या सेटवर) मिनिटाला ७-८ थेंब. तोंडाने घुटी, मध, गुळाचं पाणी काही नाही. गिळता येत नसलेलं बाळ ते फुप्फुसात ओढतं.

झटका म्हणजे हातपाय उडणंच असं नाही. सायकल चालवल्यासारखे पाय, ओठांची चाळवाचाळव, एका बाजूला थिजलेली नजर, मध्येच थांबलेला श्वास. साखर बरोबर असूनही चालू राहिलं तर डॉक्टरांच्या आदेशाने झटके थांबवणारं फेनोबार्बिटोन २० मिग्रॅ प्रति किलो, २० मिनिटांत. बॅग हाताशी हवीच, श्वास मंदावू शकतो.

एसएनसीयू_परिचारिका
निघण्याआधी फोन करा आणि चिठ्ठीवर लिहा: जन्मवेळ, पहिला श्वास कितव्या मिनिटाला, १, ५ आणि १० मिनिटांचा अॅपगार (बाळाच्या स्थितीचे १० पैकी गुण), बॅग किती वेळ, साखर, तापमान. आणखी एक, जे कुणी लिहीत नाही: बाळंतपणाआधी आईला "कळांची सुई" (कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन) दिली होती का, कुठे, किती वाजता. ऑक्सिटोसिनने कळांमधली उसंत जाते आणि बाळाला रक्त मिळायची वेळच उरत नाही. घरी किंवा खाजगीत दिली असेल तरी लिहा, कुणाला दोष द्यायला नाही. जेएसएसके (जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम) या सरकारी योजनेखाली वाहन आणि उपचार मोफत आहेत, हे घरच्यांना तिथेच सांगा.

घाटवाट_सिस्टर
प्रोबचं आजच सगळ्यांना सांगते. घरच्यांचं राहिलं.

फिजिओ_डीईआयसी
ताई, "न रडलं म्हणजे मतिमंद" हे आधी खोडा. मेंदूच्या दुखापतीच्या सौम्य प्रकारात बहुतेक बाळं चांगली वाढतात. मध्यम प्रकारात दोन्ही शक्यता. बेशुद्ध राहिलेल्या बाळांचा धोका मोठा. पहिल्या दिवशी कुणीही खात्री देऊ नये. एमआरआय साधारण ५ ते १४ दिवसांत बोलका असतो. नाळ आधी खाली आल्यासारख्या अचानक घटनेत खोलवरचे थॅलॅमस आणि बेसल गँग्लिया दुखावतात, पुढे हातापायांचा ताठरपणा किंवा नको तिथे हालचाली. हळूहळू कमी पडलेल्या ऑक्सिजनमध्ये मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सीमेवरचा भाग.

आशाताईंच्या घरभेटीत डोक्याचा घेर मोजायचाच. ३ महिन्यांनाही मुठी घट्ट आवळलेल्या, मान धरत नाही, नजर फिरत नाही, किंवा वर्षाच्या आत एकच हात वापरतं, तर वाट बघायची नाही. आरबीएसकेमार्फत (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) डीईआयसीला, म्हणजे वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या जिल्हा केंद्राला आणा. काही दिसत नसलं तरी ३ महिन्यांची तपासणी आणि बेरा ही कानाची चाचणी हवीच. तारीख डिस्चार्ज कार्डवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. शेतीच्या हंगामात ती पहिली विसरली जाते.