फीपायी डिग्री सोडायच्या आधी ‘प्रगती’ बघा

कर्नाटकातल्या खानापूरच्या एक ताई म्हणतात, पोरीला सीईटीतून इंजिनीअरिंगची सीट मिळतेय, पण घरचे फीपायी डिप्लोमाच कर म्हणतात. ताई, एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद) मुलींसाठीची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती डिग्री-डिप्लोमा दोन्हीला आहे: वर्षाला ५०,००० रुपये, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. मग डिग्री का सोडायची? निवड मात्र मेरिटवर होते, त्यामुळं पैसे आलेच असं धरून कर्ज काढू नका. नाडकचेरीतून (आपल्याकडचं महसूल कार्यालय) उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा. दहावीच्या मार्कशीटवरचं आणि आधारवरचं नाव ताडून बघा. आपली मराठी नावं कन्नडातून इंग्रजीत जाताना एखादं अक्षर हमखास हलतं. आणि बँकेत ‘आधार लिंक आहे’ म्हणाले तरी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग झालंय का, म्हणजे असे पैसे याच खात्यात यावेत म्हणून आधार जोडलंय का, हे वेगळं विचारा.