मदत हवी आहे: ‘कोलंबिया’बद्दलचा तो फॉरवर्ड कितपत खरा?

कल्पना चावला ज्यात होत्या त्या नासाच्या ‘कोलंबिया’ अंतराळयानाच्या 2003 मधल्या अपघातावरचा एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय: ‘यान परत येणार नाही हे नासाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण अंतराळवीरांपासून लपवलं.’ पाठवणारे आमचे काकाच, त्यामुळे नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून भागणार नाही!

अपघाताच्या चौकशी मंडळाचा ऑगस्ट 2003 चा अहवाल उघडून बसलोय. 16 जानेवारीला उड्डाणानंतर साधारण 82 सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला, हे पक्कं. (फॉरवर्डमध्ये यानाच्या उष्णतारोधक आवरणाची ‘टाइल निघाली’ असं आहे, फुटलं ते पंखाच्या कडेचं कार्बनचं पॅनेल.) यान वर असताना नुकसान तपासायला इंजिनिअरांनी पंखाचे फोटो मागितले होते, वरिष्ठांनी ते काढू दिले नाहीत. आणि 23 जानेवारीला दोघा वैमानिकांना फोमबद्दल ईमेल गेला होता, ‘काळजीचं कारण नाही’ असा. मग लपवलं कुठे? मला तर हा फाजील आत्मविश्वास वाटतो, कारस्थान नव्हे.

कुणी हा अहवाल नीट वाचलाय का? काकांना दाखवायला फोटोंची मागणी आणि तो ईमेल नेमक्या कोणत्या प्रकरणात, कोणत्या पानावर आहे ते सांगाल का? कृपया मूळ कागदपत्रंच सुचवा, यूट्यूब नको.