शब्दचर्चा: ‘खण’ नेमका कुठून कुठवर?

वाई
मामांच्या परड्यात एक लाकडी कोठार आहे. दगडी जोतं, तळखड्यांवर उभे सहा सागवानी खांब, वर तुळया, आढं, वासे, रिपा आणि मंगलोरी कौलं. भिंती फळ्यांच्या, त्याही नावालाच. कॉलेजच्या कामासाठी ते मोजून नकाशा काढायचाय आणि १:२० ची प्रतिकृती करायची आहे. गावातले सुतारकाका म्हणाले, “दोन खणांचं कोठार, पाच फुटी खण.” टेप लावली तर दोन खांबांमध्ये साडेचारच फूट भरतात. कोशात ‘दोन तुळयांमधली जागा’ एवढंच मिळतं. मग खण कुठून कुठवर धरायचा?
(टेबलाचा खण आणि ओटीचा खण मला माहीत आहेत, कृपया तिकडे वळू नये.)

मिरज
ताई, सुतारकाकाही बरोबर आणि तुमची टेपही. खांब सहा इंची आहेत ना? खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत मोजून बघा, पाच फूट येतील. सुतार वरच्या लाकडाचा विचार करतो. तुळया खांबांच्या मध्यावर बसतात, म्हणून त्याचा खणही मध्यापासून मध्यापर्यंत. साडेचार फुटांची जी मोकळी जागा आहे तिला नकाशावर ‘गाळा’ लिहा. पुलाचे गाळे म्हणतो तेव्हा खांबांमधली पाणी वाहायची जागाच डोळ्यांपुढे असते. एमआयडीसीतला गाळा वेगळा, तो भाड्याने मिळतो.

हे दोन शब्द वेगळे ठेवले नाहीत तर काय होतं बघा. तुमच्या कोठाराची लांबी तीन प्रकारे सांगता येते. नुसते गाळे मिळवले तर ९ फूट, खण मिळवले तर १० फूट, आणि कडेच्या खांबांच्या बाहेरून मोजलं तर साडेदहा. तिन्ही आकडे खरे. पण १:२० ला साडेदहा फुटांचे १६ सेंटिमीटर होतात आणि ९ फुटांचे पावणेचौदाच्या आसपास. ‘दोन खण, साडेचार-साडेचार’ असं वहीत लिहून घरी गेलात तर प्रतिकृती सव्वादोन सेंटिमीटरने आखूड होणार, आणि छपराचे वासे कुठे टेकवायचे ते कळणार नाही.

म्हणून गाळे सुटे सुटे मोजू नका. टेपचं शून्य एका टोकाला धरा आणि ती न उचलता वाचत जा: ०, सहा इंच, ५ फूट, साडेपाच, १० फूट, साडेदहा. प्रत्येक खांबाच्या दोन्ही कडा त्यात येतात, खण आणि गाळा दोन्ही त्यातूनच निघतात. सुटं मोजलं की दर खेपेला एखादं सूत निसटतं, आणि आठ सुतांचा इंच होतो.

सातारा
वरच्याशी सहमत, एक पुरवणी. ‘पाच खणी सोपा’ असं जुन्या वाड्यांबद्दल बोलतात तेव्हा ते माप नसतं, मोजदाद असते. कुणाच्या वाड्याचा खण मोठा, कुणाच्या खोपटाचा लहान. सुतारकाकांनी ‘पाच फुटी’ हे वेगळं सांगितलं ते त्यासाठीच. नकाशावर ‘२ खण’ लिहून फूट-इंच गाळले तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.
आणि मामांकडे जेवून वासे मोजताय, म्हणजे ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ अक्षरशः! मामींना आधी सांगून ठेवा.

कराड
आणखी एक सावधगिरी. गावात ‘कोठाराची मोजणी करायला आलेय’ म्हणू नका. आपल्याकडे मोजणी म्हणजे जमिनीची, सरकारी, हद्दीची. शेजारचे काका लगेच सातबारा घेऊन हजर होतील. ‘मापं घेतेय’ म्हणा.

सांगली
थोडं अवांतर. आमच्याकडे साठवण म्हटलं की आधी हळदीचं पेव. हरिपूरची पेवं जमिनीखाली, तोंड अरुंद आणि पोट मोठं. २००५ च्या पुरात त्यांतली बरीच निकामी झाली. ना खांब ना तुळई, त्यामुळे खणाचा प्रश्नच नाही. किती पोती मावतात ते विचारायचं. ‘क्लासेसचं पेव फुटलंय’ म्हणणाऱ्या किती जणांनी खरं पेव पाहिलंय कुणास ठाऊक.

वाई
सगळ्यांचे आभार. आज कर्ण मोजले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा दीड इंचाने लांब आहे. सुतारकाका म्हणाले, “गुण्यात नाही,” म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. ओळंबा सोडला तर कोपऱ्यातला एक खांबही बाहेर झुकलेला निघाला. आराखड्यात तो सरळ दाखवू की आहे तसा?
आणि एका अमेरिकी पुस्तकात अशाच लहान लाकडी शेडची रेखाटनं आहेत. त्यातल्या ‘स्टड’ना खांब म्हणावं का?

कराड
आधी ‘आराखडा’ काढून टाका. आराखडा व्हायच्या गोष्टीचा, तुम्ही काढताय तो असलेल्या गोष्टीचा नकाशा. त्यामुळे खांब झुकलेलाच दाखवायचा आणि किती झुकलाय तो आकडा शेजारी लिहायचा. सरळ केलात तर ते कोठार मामांचं राहणार नाही. ‘प्रतिकृती’ मात्र योग्य. ‘नमुना’ आधी करतात आणि वस्तू मागून होते, तुमचं उलटं आहे.

मिरज
स्टडला खांब म्हणू नका, स्टडच राहू द्या. आपल्याकडे मोजके जाड खांब आणि त्यांवर तुळया. तिथे बारीक उभी लाकडं ओळीने, बहुतेक १६ इंचांवर एक, मध्यापासून मध्यापर्यंत, आणि छपराचा भार सगळ्या ओळीत वाटलेला. दोन स्टडमधल्या जागेला खण म्हटलंत तर भलतंच चित्र उभं राहील. त्या पुस्तकात ‘टू बाय फोर’ दिसलं तर तेही नावाचंच माप. सुकवून, रंधून आजचं लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरतं.

तुमच्या सागवानाचं तसं नाही. हाताने तासलेला खांब खालपासून वरपर्यंत एका जाडीचा सहसा नसतो. प्रत्येक खांब तळखड्याजवळ आणि तुळईखाली असा दोनदा मोजा, दोन्ही बाजूंनी.