चतुर्थीला कोण कोण? (घरचा ग्रुप)

अप्पाकाका: मालवणात कोण कोण येणार ते आजच कळवा, माटवीचं सामान आणायचंय. ओम येतोय ना? आरतीला टाळ त्याचेच.

वैनी: यंदा नाही हो काका. ह्यांचा बोन मॅरो (हाडातला रक्त बनवणारा मगज) ओमला दिला त्याला शंभर दिवस भरले म्हणून कुडाळला घरी सोडलं, पण गोळ्या चालू आहेत. गर्दी नको म्हणालेत.

काकी: अजून गोळयो? आपल्याच बापाशीचा मां ता? मगे जुळूक नको?

सई: काकी, पोराला अर्धं बापाकडून, अर्धं आईकडून येतं. म्हणून बाप अर्धाच जुळतो. पूर्ण जुळायचं तर सख्खं भावंड, तेही चारात एक. रियाचं नाही जुळलं.

अप्पाकाका: म्हणजे कलमच की. रायवळ खुंटावर हापूसची काडी.

सई: काडी खुंटाला खात नाही ना काका! इथे दादाच्या पेशीच ओमला परका समजून त्याच्या कातडीवर, आतड्यांवर, लिव्हरवर तुटून पडायची भीती. जीव्हीएचडी म्हणतात.

अप्पाकाका: बांडगूळ!

सई: 😀 छे. त्याचं रक्त आता त्याच बनवतायत.

दादा: मला भूल देऊन कमरेच्या हाडातून काढलं. आठवडाभर बसताना उशी, बाकी काही नाही. ओमला तर रक्ताच्या बाटलीसारखं नुसतं चढवलं. पण तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड, म्हणजे केमोचं औषध, देणार म्हटल्यावर मी हादरलो, कालपरवा पेरलेलं जाळतायत की काय! डॉक्टर म्हणाले, ओमला बघून खवळलेल्या पेशी तोवर भराभर वाढायला लागतात, आणि हे औषध वाढणाऱ्यांनाच धरतं. शांत बसलेल्या वाचतात. रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींकडे तर ते निकामी करायचं एन्झाइमच असतं.

सई: आवर घालणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशीही वाचतात. २०२५ चं मेडिसिनचं नोबेल त्यांच्याच शोधाला. साकागुची, ब्रंको, रॅम्सडेल.

बंड्या पुणे: (फॉरवर्ड) गुळवेलीचा काढा घ्या, इम्युनिटी दुप्पट करा 🙏

वैनी: बंड्या, कृपा कर. ती दाबायलाच तर गोळ्या चालू आहेत.

बंड्या पुणे: (मेसेज डिलीट केला)

अप्पाकाका: मग धाकट्या आत्याच्या किडनीसारखं जन्मभर?

वैनी: नाही, तोच तर फरक. नव्या पेशींनी ओमला एकदा आपलं मानलं की गोळ्या हळूहळू कमी करत बंद. किती महिने ते ज्याचं त्याचं. परवाच्या तपासणीत रक्त सगळं ह्यांचंच आलंय. ओ पॉझिटिव्हचा बी पॉझिटिव्ह होतोय, कॉलेजचं आयकार्ड बदलायला हवं.

काकी: म्हंजे आता घोरतलो पण बापाशीसारखोच!

ओम: ते आधीपासूनच आहे आजी. सोलकढीचं बोला.

वैनी: कच्च्या नारळाच्या रसाची अजून नाही.

काकी: मोदक उकडलेले चलतत मां?

वैनी: गरम असतील तर चालतील.

अप्पाकाका: मी आणतो. मास्क लावून दारातूनच देईन.

ओम: २१ हां. आणि टाळ दुसऱ्या कोणाला देऊ नका.